अडतीस सेकंद

खरं सांगायचं तर त्या दिवशी पंचाचं घड्याळ बंद पडलं नव्हतं, पुढे पळालं नव्हतं आणि ते बघण्यात त्याची चूकही झाली नव्हती. कुरकुरत होता तो गुडघा. आणि गुडघ्यापेक्षा जास्त घसरला तो पंच स्वतः.

अठ्ठेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ आठवड्याचे सहा दिवस चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचा आणि सातव्या दिवशी फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी वाजवायचा. आता चष्मेवाला पंच म्हटल्यावर लोक सोडतात होय? "दुकानातला एक चष्मा स्वतःलाही ठेवा की," हे त्याने इतक्या मैदानांवर ऐकलं होतं की हल्ली बोलणाऱ्याच्या आधी तोच हसायचा. कामाला मात्र तो पक्का. भिंग एका अंशाने जरी फिरलं तरी गिऱ्हाईकाचं डोकं दुखतं, हे त्याला ठाऊक होतं आणि शिट्टीच्या बाबतीतही तो तितकाच काटेकोर होता. वीस वर्षांत त्याला आंधळा म्हणून झालं, बावळट म्हणून झालं. लबाड कुणी म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी रंगवाल्यांचा सामना बँकवाल्यांशी होता. रंगवाले म्हणजे घरं रंगवणाऱ्या कामगारांचा संघ, एका गोलने मागे. बरोबरी साधली असती तर ते वरच्या गटात टिकले असते, हरले की थेट खाली. नव्वद मिनिटं सरली आणि पंचाने भरपाईची चार मिनिटं जाहीर केली. त्यातली अडीच गेली असताना बँकवाल्यांना कॉर्नर मिळाला. पंच रंगवाल्यांच्या गोलपाशी येऊन उभा राहिला. चेंडू आला, रंगवाल्यांच्या गोलकीपरने तो हवेतच धरला आणि श्वासही न घेता मैदानाच्या मध्यावर भिरकावला. तिथे त्यांचा एक काटकुळा पोरगेला रंगारी एकटाच उभा होता. तो चेंडू घेऊन जो सुटला तो सुटलाच.

पंच पळायला गेला. तिसऱ्या पावलाला गुडघ्यात कळ आली.

वर स्टँडमध्ये समितीचे निरीक्षक वही उघडून बसले होते. या मोसमात त्यांनी त्याच्याबद्दल दोनदा लिहिलं होतं, 'पंच खेळापासून फार लांब राहतात.' तिसऱ्यांदा तेच लिहिलं गेलं की नाव यादीतून कटणार, हे कुणी सांगायला नको होतं. पंचाने समोर पाहिलं. अर्धं मैदान ओलांडून रंगारी निघाला होता आणि त्याच्या बरोबरीने, कडेच्या रेषेवरून, झेंडा हातात धरून एक मुलगी जीव तोडून धावत होती. ती लाइनवरची पंच. आणि या पंचाची मुलगी.

त्याने मनगटाकडे पाहिलं. तीन मिनिटं बावीस सेकंद. पुन्हा समोर पाहिलं, त्या दोघांपासून आपण किती मागे पडलोय ते पाहिलं, आणि शिट्टी तोंडात घालून सामना संपवला.

शिट्टी वाजली तेव्हा चेंडू रंगाऱ्याच्या पायातून गोलच्या दिशेने सुटला होता. पुढच्या क्षणी तो जाळ्यात होता. पण शिट्टीनंतरचा गोल हा गोल नसतो, तो नुसता जाळ्यात पडलेला चेंडू असतो. मग काय, रंगवाले सगळे त्याच्या अंगावर धावून आले. त्याने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "वेळ संपली." आवाज अगदी नेहमीचा निघाला. याचंच त्याला नंतर फार वाईट वाटलं.

पंचांच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि गळका नळ होता. तिथे सामन्याचा कागद भरायचा असतो. रंगवाल्यांच्या कप्तानाने तक्रार केली होती, म्हणून निरीक्षक स्वतः आले आणि त्यांनी दोन्ही लाइनवरच्या पंचांना आपापल्या घड्याळातली वेळ विचारली. पलीकडच्या लाइनवरच्या पंचाने सरळ हात झटकले. "मी नव्वदला घड्याळ बंद केलं होतं, साहेब. भरपाईच्या वेळेचा फलक लागल्यावर सर बघतातच."

"आणि तुमचं?" निरीक्षकांनी मुलीला विचारलं.

ती अजून धापा टाकत होती. तिने मनगटाकडे पाहिलं नाही, बापाकडेही पाहिलं नाही. "चार मिनिटं झाली होती, साहेब. पूर्ण."

तिने तसं लिहिलं आणि सही केली. त्याच्याखाली पंचाने केली. तोंड उघडायला त्याला तेवढा वेळ होता, नाही असं नाही. पण त्याने पेनाला टोपण लावलं. निरीक्षक जाताना म्हणाले, "शेवटी सामना हातातून सुटू दिला नाहीत. छान." कुणी थोबाडीत मारली असती तरी याहून बरं वाटलं असतं.

बाहेर स्कूटरपाशी तो रंगारी थांबला होता. अंगात अजून मैदानाचाच शर्ट, नखांत पांढरा रंग. भांडायला आला नव्हता.

"साहेब, किती राहिले होते? मला एकट्याला सांगा. मी कुठे बोलणार नाही."

"काहीच राहिले नव्हते," पंच म्हणाला.

रंगाऱ्याने मान डोलावली आणि गेला. त्याने विश्वास ठेवला होता, हेच पंचाला सोसवेना.

गुडघ्यामुळे स्कूटर मुलीने घेतली, तो मागे बसला. घर अर्ध्यावर आल्यावर ती मान न वळवता म्हणाली, "बाबा, मधे तो बँकवाला पडला होता तेव्हा तुम्ही घड्याळ थांबवून परत सुरू केलंत. त्यात काही गडबड झाली असेल, नाही?"

पंचाला हायसं वाटलं. लाज वाटायच्या आधी हायसं वाटलं, हे त्याने स्वतःशी नंतर कबूल केलं. पोरीने बापासाठी खोटं लिहिलं होतं, पण बापाची चूक झाली असं समजून लिहिलं होतं. चूक काय, कुणाचीही होते.

"हो," तो म्हणाला. "गडबड झाली खरी."

तिने स्कूटरचा वेग वाढवला.

त्यानंतरचे पंधरा दिवस तो दुकानात मान वर न करता काम करत राहिला. तीन भिंगं वाया घालवली, जी गेल्या तीन वर्षांत मिळून गेली नसतील. घरी बायको म्हणायची, "घरात दोन-दोन पंच, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला मीच." एरवी यावर दोघं काहीबाही बोलून तिला चिडवायचे. आता मुलगी कसनुसं हसायची आणि तो पाणी प्यायचा. जेवणाच्या टेबलावर मुलगी समोर बसली की त्याला घास गिळवत नसे. हिला लहानपणी बागेत ऑफसाइड शिकवताना आपण काय-काय मोठमोठं बोललो होतो, ते सगळं त्याला आठवत राही. पोर त्यातलं अक्षर न अक्षर खरं मानून मोठी झाली होती. आणि त्याने काय केलं होतं? धापा टाकतही आपल्याला पोचता आलं नसतं, ते कुणाला दिसू नये म्हणून अकरा माणसांचा मोसम बुडवला, आणि वर पोरीला सही करायला लावली.

मग एका सकाळी समितीची दोन पाकिटं आली. त्याच्या पत्रात होतं की पुढच्या वर्षीही त्याचं नाव यादीत राहील. मुलीच्या पत्रात होतं की पुढच्या महिन्यापासून तिला मुख्य पंच म्हणून सामने मिळतील. याच पत्राची ती वर्षभर वाट पाहत होती. तिने ते वाचलं, पुन्हा पाकिटात घातलं आणि पाकीट त्याच्यासमोर सरकवलं.

"मी नाही जाणार. त्यांना कळवा."

"का गं?"

"मी कागदावर खोटी वेळ लिहिलीय, बाबा. उद्या मी चार मिनिटं म्हटलं, तर माझा मलाच भरवसा वाटायचा नाही."

झालं. आता गप्प बसणं त्याच्याच्याने होईना. "पोरी, चूक तुझी नाही," तो म्हणाला. "माझं घड्याळ बरोबर होतं. अडतीस सेकंद बाकी होते. मला दिसत होते. मी इतका मागे पडलो होतो की... निरीक्षकांनी पाहिलं असतं. म्हणून वाजवली."

रडेल, चिडेल, उठून जाईल, कशाचीही त्याची तयारी होती. ती तशीच बसून राहिली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"तुला कसं?"

"शिट्टी वाजली तशी मी वळून बघितलं. वेळ संपल्यावर शिट्टी मारणारा माणूस घड्याळाकडे बघत असतो. तुम्ही आमच्याकडे बघत होतात." मग ती म्हणाली, "स्कूटरवर मी मुद्दाम विचारलं होतं. मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल."

पंचाला कुठे तोंड लपवावं कळेना. मैदानातलं त्याने एका झटक्यात केलं होतं, त्याला निदान गुडघ्याचं निमित्त होतं. स्कूटरवरचा तो 'हो' त्याने आरामात बसून, विचार करून म्हटला होता. आणि पंधरा दिवस ही पोर त्याच्यासमोर बसून, तो आज तरी बोलेल म्हणून वाट बघत जेवली होती.

तो उठला, कोरा कागद आणि पेन घेऊन आला आणि तिच्यासमोरच लिहायला बसला. समितीला पत्र. आपण भरपाईच्या वेळेत तीन मिनिटं बावीस सेकंदांवर सामना संपवला, तो जाणूनबुजून संपवला, रंगवाल्यांचा गोल त्यामुळे गेला, त्यांची तक्रार खरी आहे, आपलं नाव यादीतून काढावं. एवढं भराभर लिहून झालं. इथे तो थांबला. मग हळूच लिहिलं, 'सहायक पंचांनी नोंदवलेली वेळ त्यांनी माझ्या सांगण्यावरून नोंदवली होती.'

मुलीने कागद आपल्याकडे वळवून वाचला.

"तुम्ही मला काहीच सांगितलं नव्हतं."

"राहू दे ना एवढं," तो म्हणाला. "तू वाचशील. तुझं सगळं व्हायचंय अजून."

"बाबा, परत?"

ती एवढंच म्हणाली, तेही रागाने नाही. त्याने पेन उचललं, ती ओळ खोडली, आणि आपल्या मुलीने त्या दिवशी खोटं लिहिलं होतं हे तिच्यासमोर बसून, स्वतःच्या हाताने, तिच्या पूर्ण नावासकट लिहिलं.