गोणपाटावरचं गाव

"तुझ्या खेळात बी माझीच म्हस मरायची व्हय गं?" कमलबाई कानाशी लागून कुरकुरली. "तिकडं खरी चाऱ्याच्या छावणीत नुसता सापळा झालीय. हितं तरी जरा दूध देऊ दे की तिला."

"चिंचोक्यांना इचार," सरुबाई म्हणाली. "म्या काय देव हाय?"

पण गोणपाटावरच्या गावात देव तीच होती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

बहात्तर सरून त्र्याहत्तर उजाडलं होतं. बेंबळीच्या रस्त्याला दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या. दुपारी सरकारनं खायला धाडलेली सुकडी वाटून झाली, की ह्या चौघी बाभळीच्या विरळ सावलीत गोणपाट अंथरायच्या. त्यावर खडीचेच तुकडे मांडायच्या. हे घर, ही विहीर, हा पार. ज्या त्या बाईनं आपण काय करतो ते सांगायचं, आणि पुढं काय घडलं ते सरुबाईनं. अडलंच तर चार फोडलेले चिंचोके उधळायचे. पांढऱ्या बाजू जास्त वर आल्या तर साधलं, काळ्या आल्या तर बिघडलं.

ह्या गावच्या विहिरीला पाणी होतं. कमलबाईनं तिथं म्हशी पाळल्या होत्या. रुद्रम्मा ही साठी उलटलेली, कर्नाटकाच्या शिवेकडून लग्न होऊन आलेली बाई. तिला घरात कुणी जेव म्हणत नव्हतं. इथं ती सरपंच झाली आणि पहिल्याच दिवशी तिनं मुकादमाला खडी फोडायला बसवलं. बायका इतक्या हसल्या की खरा मुकादम पिराजी लांबून बघायला आला, आणि कुणी काही सांगेना तेव्हा स्वतःचं धोतर चाचपत परत गेला.

खेळाला नेम एकच होता. घरचं दुखणं गोणपाटावर आणायचं नाही. तो सरुबाईनंच घातला होता. मोडला चौथीनं, केशरबाईनं. आणि मोडू दिला सरुबाईनं.

केशरची पाच वर्षांची गुलाब दिवाळीच्या तोंडावर हगवणीनं गेली. चौथ्या दिवशी केशर कामावर हजर, डोळे कोरडे ठाक. कुणी काही विचारलं नाही. पौषातल्या एका दुपारी तिनं आपल्या घराशेजारी एक गुळगुळीत पांढरा खडा ठेवला.

"ही गुलाब," ती म्हणाली.

कमलबाईच्या मुठीतले चिंचोके मुठीतच राहिले. रुद्रम्मानं मान फिरवली. मग सगळ्यांनी सरुबाईकडं बघितलं, कारण सांगणारी ती होती.

"बरं," सरुबाई म्हणाली. "गुलाब अंगणात खेळतीया."

केशरच्या तोंडावर जे उमटलं ते बघून सरुबाईला वाटलं, आपल्या हातून पुण्य घडलं. त्या दिवशी कदाचित घडलंही असेल.

पण चौघींची टोळी एक, आणि मापही एकाच ढिगाचं. पुढं एकदा ढीग कमी भरला तसा पिराजी चारचौघांत ओरडला, "म्हातारीला घरी धाडतो. खडी फोडती का खडी मोजत बसती?" रुद्रम्मा वाकून घाईघाईनं खडी फोडू लागली. दुपारी सरुबाई पांढऱ्या खड्याकडं बघत सहज म्हणावं तसं म्हणाली, "गुलाबचं अंग कोमट लागतंय गं. आईचा ढीग भरला की उतरंल बग."

सांजेपर्यंत केशरनं दोघींच्या वाटची खडी फोडली.

आपण हे ठरवून करत नाही, असं सरुबाई स्वतःला सांगायची. पण ढीग कमी दिसला की गुलाबला ताप यायचा, आणि ढीग चढला की गुलाब उठून बसायची. बाकीच्या दोघींना कळत होतं. "कामात जीव रमतोय बिचारीचा," कमलबाई म्हणायची, आणि आपली सुकडी खाऊन टाकायची.

केशर मात्र सुकडी खात नव्हती. ती पदराच्या गाठीत बांधायची आणि चिमूट चिमूट खड्यापुढं ठेवायची. "खा गं बाय." मुंग्या यायच्या, खाऊन जायच्या. होळी झाली तेव्हा हातोडी उचलताना केशरच्या बांगड्या कोपरापर्यंत घरंगळत होत्या. एकदा ती बसल्या जागी कलंडली. तोंडावर पाणी मारलं तर डोळे उघडून पहिलं काय विचारावं? "ढीग भरला का?"

"साकु आता, सरू," रुद्रम्मा तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली. "पुरे. पोर गेली, आता आई बी जाईल."

"तुमच्यासाठी केलं, अव्वा. तुम्हाला घरी धाडलं असतं त्यानं."

म्हातारीनं हातातला दगड ढिगावर टाकला. "मग धाडू दे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरुबाईनं चिंचोके काढलेच नाहीत. रातभर जुळवून ठेवलेलं तिनं एका दमात सांगून टाकलं. "आज गुलाबचा मामा आला. तिला वाशीला घिऊन गेला. तिथं पाणी लई, दूध लई. आता ती तिकडंच ऱ्हाणार." आणि पांढरा खडा उचलून तिनं आपल्या ओच्यात टाकला. कुणी मेलं नाही, कुणाला ताप नाही. तिला हलकं वाटलं.

केशर खाली मान घालून ऐकत होती. "जेवून गेली का?"

"व्हय. पोटभर."

"न्हाय," केशर म्हणाली. "तिची सुकडी तर हितंच हाय." तिनं पदराची गाठ चाचपली आणि उठली. "देऊन येते."

"कुठं?"

"वाशीला."

कमलबाई हसली, आणि मधेच थांबली. केशर रस्त्याला लागली होती. चैत्राचं ऊन मस्तकावर, पाय अनवाणी, आणि पायाखाली त्यांनीच फोडून अंथरलेली धारदार खडी. ती खाली बघत नव्हती. वाशी चालत दोन दिवसांची वाट. केशरला सडकेचं वळणही गाठवेल असं दिसत नव्हतं.

"ए बाई! सुट्टी सरली!" पिराजी लांबून ओरडला.

"हाक मार की गं," कमलबाई सरुबाईला हलवत म्हणाली. "मामा माघारी आला म्हण, गुलाबला घिऊन आला म्हण. तुझं ऐकंल ती."

ऐकलं असतं तिनं. एक शब्द टाकला असता तर केशर वळली असती, बसली असती, आणि अंधार पडेपर्यंत खडी फोडली असती.

सरुबाई पळत सुटली. वळणाच्या अलीकडं तिनं केशरचा दंड धरला. मुठीत हाडच आलं. ओच्यातला खडा काढून तिनं केशरच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो दगड हाय, केशर," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "वाशीला कुणी न्हाय. गुलाब मेली, बाय. दिवाळीच्या तोंडाला, आमच्या समद्यांच्या डोळ्यांदेखत मेली. आन म्या तिचं नाव घिऊन तुझ्याकडनं खडी फोडून घेतली."