सगळे जिकडे बघतात

परदेशी सिनेमांची शूटिंगं चालायची त्या वारझाझात गावात सिनेमात न मेलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. इद्दर तर सैनिक होऊन मेला, गुलाम होऊन मेला, एकदा प्लेगनेही मेला. पण पडद्यावर तो कधी कुणाला दिसला नाही. एरवी हे कुणी मनावर घेतलं नसतं. पण ज्या तूदाशी त्याला लग्न करायचं होतं तिच्या आईने, लल्ला इज्जाने, नेमकं तेच धरून ठेवलं.

"सिनेमात काम करतो म्हणे! डोळे फाडफाडून बघते मी, कुठे आहेस? पुढच्या सिनेमात दिसलास तर तूदा तुझी. नाहीतर थापाड्याला पोरगी द्यायची नाही मला."

इद्दर रडकुंडीला येऊन मावसभावाकडे गेला. हा बासू शूटिंगला दिवे उचलायचा, परदेशी साहेबांचं बोलणं लोकांना सांगायचा आणि स्वतःला अर्धा दिग्दर्शक समजायचा.

"पुढे घुसून काही होत नाही रे," बासू म्हणाला. "माणसाचा डोळा म्हणजे मेंढरू. चार जण जिकडे बघतील तिकडे तोही जातो. बाजारात आभाळाकडे बघत उभा राहा, सगळे माना वर करतात की नाही? चित्रातही तेच. मध्ये कोण उभाय ते राहू दे, बाकीचे कुणाकडे बघतायत ते महत्त्वाचं."

इद्दरला एवढं पुरलं. नव्या सिनेमात दरबाराचा प्रसंग होता आणि प्रजा म्हणून गावचेच लोक. इद्दर दारोदार फिरला. "कॅमेरा सुरू झाला की राजाला सोडा, माझ्याकडे बघा. लग्नाचा प्रश्न आहे." लोकांनी एका पायावर होकार दिला. त्या राजाशी कुणाची सोयरीक होती?

शूटिंगच्या दिवशी राजा ऐटीत सिंहासनावर बसला. दिग्दर्शक साहेब कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या पडद्यावर बघत होते, पण त्यांची नजर राजावर ठरेचना. घसरून घसरून ती तिसऱ्या रांगेतल्या एका दाढीवाल्यावर जाऊ लागली.

"हा कोण?" साहेब ओरडले. "करा त्याला कडेला!"

इद्दर कडेला गेला. त्याच्या पाठोपाठ दरबारातल्या सगळ्या माना वळल्या. राजाने आपल्या मिशीला काही चिकटलंय का ते चाचपून पाहिलं.

साहेबांनी बासूला बाजूला घेतलं. बासूने आढेवेढे घेत खरं ते सांगितलं. साहेब आता बोंब मारणार असं सगळ्यांना वाटलं, पण गडी बेरकी होता. त्याने इद्दरला सिंहासनामागे बसवलं. गुडघे हनुवटीला टेकलेले, राजाचा झगा नाकावर. कॅमेऱ्याला केसही दिसू नये असा बंदोबस्त.

प्रजेने शब्द दिला होता. झग्यात कोंबलेल्या इद्दरची ती दशा आठवून लोकांचा जीव कळवळत होता आणि हसूही आवरत नव्हतं. मोहा भटारी तर ओठ चावून चावून डोळ्यांतून पाणी गाळत होता. "वा! काय राजभक्ती!" साहेब पुटपुटले.

इद्दर मात्र खचला. आता आपलं लग्न काही होत नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

सिनेमा आला. बासूच्या घरी टीव्हीसमोर लल्ला इज्जा शेजारणींना घेऊन ठाण मांडून बसली. दरबार आला.

"हं, दाखव. कुठे आहेस?"

"सिंहासनाच्या मागे आहे, मावशी."

बायका फिदीफिदी हसल्या. इज्जा हसली नाही. ती पडद्याजवळ सरकली.

"हा मोहा ना? सख्खा भाऊ वारला तेव्हा याने टिपूस गाळलं नव्हतं. हा कुणाला बघून रडतोय?"

"मला."

मोहा का रडत होता ते इद्दरने सांगितलं नाही. एवढी अक्कल त्याला होती.

"आणि ही कजाग आयशा? ही एवढी मायेनं कुणाकडे बघतेय?"

"माझ्याकडेच."

इज्जाने तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. एकेक ओळखीचा चेहरा ती बोटाने पुसल्यासारखा तपासत गेली.  

"राजा दिसला का गं कुणाला?" तिने शेजारणींना विचारलं. राजा कुणालाच आठवेना.

मग ती इद्दरकडे वळली. "तू काही मला दिसला नाहीस हो. पण अख्खं गाव कुणाकडे बघतंय ते दिसलं. आईला म्हणावं, रीतीप्रमाणे साखरेची ढेप घेऊन मागणी घालायला ये. आणि एवढ्या सगळ्यांना जेवायला घालायची तयारी ठेव."