सारखं ताट

मी शमिकाच्या उजव्या मांडीचा स्नायू बोलतोय. सांगतो ते अक्षरन् अक्षर खरं. खोटं निघालं तर इथल्या इथे आखडून पडेन! तसा मागच्या महिन्यात पडलोच होतो म्हणा, पण ते या शपथेच्या आधीचं. ते धरू नका.

घराणं माझं मोठं. शमिकाचे बाबा महिपत म्हणजे पावस गावचे जुने कबड्डीपटू. एका चढाईत पाच जणांना फरफटत ओढून त्यांनी मधली रेषा गाठली होती, ती मांडीच्या जोरावर. मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे तेव्हा माझा जन्म नव्हता, आणि मला डोळेही नाहीत. पण त्या मांडीची घडण माझ्यात उतरलीय, तेव्हा साक्ष माझीच. सात जण होते.

तीच घडण शमिकाच्या जुळ्या भावाला, संदेशलाही मिळाली. आणि दोघांना वाढायला त्यांची आई, दमयंती. तिच्या माहेरी भावांच्या ताटात सुरमईचा मधला तुकडा पडायचा आणि हिच्या ताटात शेपटी. तेव्हाच तिने मनात ठरवलं होतं, आपल्या पोरांत असला फरक करायचा नाही. त्यामुळे आमच्याकडे दोन ताटं अगदी सारखी. संदेशला अर्धी भाकरी जास्त गेली, तर शमिकाला अंगणातून हाक मारून तेवढीच द्यायची. माझी चंगळ होती. सकाळी पेज, दुपारी भात, आणि संध्याकाळी शमिका मैदानात सुटली की मला काही कमी पडत नसे.

मग संदेशने जिम लावली. तिथल्या ट्रेनरने त्याची पेज, भात, भाकरी सगळं बंद केलं. फक्त अंडी आणि उकडलेली कोंबडी. दुसऱ्याच दिवशी दमयंतीने शमिकाच्या ताटातलाही भात उचलला.

"आई, मला कशाला?"

"का गो? त्याने अंगात ताकद आणायची आणि तू पेज ओरपत बसायचं? जुळी आहात. त्याला ते तुला."

शमिकालाही पटलं. जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड जवळ आली होती. हलकं झालं की चपळ होऊ, असं तिला वाटलं.

संदेशच्या मांड्या भरल्या. तो आरशासमोरून हलेना. "शमे, कोंबडी मांजराला घालतेस काय गो? तुझ्या काड्याच राहिल्या!"

ती हसायची. मला हसू येत नव्हतं. भातातली साखर मी माझ्या कोठीत साठवतो आणि चढाईच्या वेळी काढतो. ती कोठी रोज रिकामी. मग मी मलाच कुरतडून खाऊ लागलो.

त्यातच तिची पाळी थांबली. एक महिना, दुसरा, तिसरा. तिने कुणाला सांगितलं नाही. उलट निवडीच्या दिवशी ती कटकट नको म्हणून तिला बरंच वाटलं. आत आम्हा सगळ्यांना धडकी भरली होती. पण आमचं ऐकतो कोण?

निवड रत्नागिरीत होती. शमिकाने चढाई केली, कोपऱ्यातल्या मुलीला शिवली, गर्रकन वळली. मधली रेषा दोन पावलांवर. तेव्हा माझ्या मनात आलं, ही आज निवडली गेली तर हेच ताट वर्षभर चालेल आणि ही पोर मोडेल. म्हणून मी मुद्दाम, अगदी समजून उमजून, थांबलो. ती कोसळली. हात रेषेकडे लांबवलेला. वीतभर कमी पडला.

डॉक्टर हेमाताईंनी मला दाबून बघायच्या आधी पाळीचं विचारलं. शमिकाने फरशीकडे बघत सांगितलं.

"तीन महिने? आणि मला बोलली नाहीस?" दमयंतीचा आवाज फाटला.

"खाणं पुरेनासं झालं की मुलीचं अंग आधी पाळीवरचा खर्च बंद करतं," हेमाताई म्हणाल्या. "घडण दोघांना बाबांची आली असेल. पण तेच अन्न मुलाचं अंग एका तऱ्हेने वापरतं, मुलीचं दुसऱ्या. वर ही रोज मैदानात धावते."

"डॉक्टर, मी दोघांत कधी फरक केला नाही हो. एका घासाचासुद्धा नाही."

"इथे करायला हवा होता, वहिनी."

रिक्षाने पावसला घरी येऊन दमयंतीने शमिकाला भात वाढला. आयुष्यात पहिल्यांदा तिने एका ताटात जास्त वाढलं.

"जेव गो."

शमिकाने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "पोट भरलं."

पोटाला सवयच राहिली नाही. संघ तिच्याशिवाय गेला. पाळी अजून आलेली नाही. रोज एखादा घास वाढतोय, आणि मी त्याची वाट बघत पडून आहे. आयांनो, ताटं सारखी वाढू नका. समोर बसलेलं पोर बघून वाढा.

आता शपथेचं बघू. महिपतनी ओढलेले गडी बहुतेक दोनच होते. पण खरी थाप ती नव्हे. मी मुद्दाम थांबलो म्हणालो ना, ते खोटं. मला कसली एवढी अक्कल! त्या रेषेपर्यंत पोचायला मी जिवाचा आटापिटा केला. माझ्यात काही उरलंच नव्हतं.