दुपारचा खेळ

“आनंद बायबलच्या वर्गाले जातच नाई,” सोजरबाईनं नवऱ्याला दारातच सांगितलं. “मोंढ्यामागच्या व्हिडिओच्या खोलीत जाते.”

खुशाल गुडीहत्नूरला लाइनमन होता. खांद्यावरची दोरी त्यानं सावकाश खाली ठेवली. “कोन म्हनलं?”

“शेजारच्या चंपाबाईनं. तिची पोरगी नळावर गेली, तं व्हिडिओतून निंघालेले पोट्टे तिले असं काई बोलले, का ते माह्या तोंडून निंघत नाई. आपला आनंद त्यायच्यात उभा होता. हासून राह्यला होता.”

खुशाल जेवला नाही; तसाच निघाला. तिथं दुपारी कसल्या नागड्या फिल्मा लावतात, हे गावातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं. आपण तिकडं फिरकत नाही, एवढ्यावरच तो आजवर समाधानी होता.

व्हिडिओच्या खोलीसमोर विजेचा खांब होता. वर चढून तार तोडली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. त्यानं खांबाला हात लावला आणि काढून घेतला. तार जोडायला उद्या आपल्यालाच बोलावतील.

“टिकट?” दारातल्या माणसानं विचारलं.

“मेरा लडका है अंदर.”

“तो क्या हुआ? तुम्हारे चर्च के यशवंतरावजी भी बैठे हैं.”

खुशाल दारातच थांबला. यशवंतराव चर्चच्या मंडळीतले वडीलधारे, पोरांकडून वचनं पाठ करून घेणारे. येत्या रविवारी येशूच्या आठवणीतली प्रभुभोजनाची भाकर तेच वाटणार होते; मनात पाप ठेवून ती कुणी घेत नसे.

आत बिडीचा धूर होता. खिडकीवर गोणपाट ठोकलं होतं. पुढं सतरंजीवर पोरं, मागं बाकावर मोठी माणसं. आनंदनं मान गुडघ्यात घातली. त्याला बखोटीला धरून निघून जावं, असं खुशालला वाटलं. पण बाकीच्या पोरांचं काय? टीव्हीकडे पाठ करून तो बाकापाशी गेला.

“भाऊ, उठा.”

“इथं तमाशा नको करू, खुशाल,” यशवंतराव पुटपुटले. “घरी बोलू.”

“मी उठवलं तं पोट्टे उद्या परत येतीन. तुमी उठले तं नाई येनार.”

“ए, बाजूले हो!” कुणीतरी ओरडलं. कुणी हसलं. यशवंतराव हलले नाहीत. त्यानं खिडकीवरचं गोणपाट ओढून काढलं. ऊन सगळ्यांच्या तोंडावर पडलं. यशवंतरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं चेहरा झाकला आणि उठले. मग एकेक पोरगा उठला.

वाटेत आनंद मागून चालत होता. “बाबा, मारशीन का?”

“नाई. पयले चंपाबाईच्या घरी चाल.”

पोरगी बाहेर आलीच नाही. आनंद बंद दारासमोर रडत माफी मागत राहिला. दुसऱ्या दिवसापासून नळावर तिच्याऐवजी चंपाबाई येऊ लागली.

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी भाकर वाटायला यशवंतरावांचं नाव पुकारलं. ते मागं, चपलांजवळ बसले होते; उठले नाहीत. माना वळल्या, कुजबुज झाली. काय झालं ते कुणी उघड बोललं नाही. शेवटी पाळकांनी स्वतःच भाकर वाटली. ताट मागं आलं, तेव्हा यशवंतरावांनी काही न घेता ते पुढं सरकवलं.

खुशाल आपल्या जागेवरून उठला आणि त्यांच्याजवळ मांडीला मांडी लावून बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. यशवंतरावांनी चपला बाजूला सारून त्याला नीट बसायला जागा केली.