मी बघण्याच्या कार्यक्रमाचा ट्रे

मी ट्रे. हो, चहा-पोह्यांचा ट्रेच बोलतोय, हसू नका. तुमच्यापैकी निम्म्यांची लग्नं माझ्यासारख्याच कुणाच्या तरी पाठीवर जमली असतील, आणि त्याला तुम्ही कधी शब्दानंही विचारलं नसेल.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मी डोळे उघडले ते रायपूरच्या गोल बाजारात, एका भांड्यांच्या दुकानात. छत्तीसगड राज्य नुकतंच झालं होतं, दुकानांवर माळा लागल्या होत्या आणि आमचा दुकानदार प्रत्येक वस्तू 'राजधानी क्वालिटी' म्हणून खपवत होता. मीही तसाच खपलो. मेलामाइनचा, पांढराशुभ्र, मधोमध दोन हंस आणि कडेला सोनेरी रेघ. बूढापाऱ्यातल्या रमाबाई देवपुजारींनी मला उलटसुलट केलं, नखानं वाजवून पाहिलं, मनसोक्त घासाघीस केली आणि घरी नेलं. त्यांच्या निधीला बघायला नागपूरची मंडळी येणार होती.

निधीचं पहिल्याच फटक्यात जमलं. मुलगी एम.ए. होती, देखणी होती, पण श्रेय मिळालं मला. "ट्रे पायगुणाचा हाये," असं रमाबाईंनी जाहीर केलं आणि गल्लीभर माझी मागणी सुरू झाली. एरवी मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कपाटाच्या डोक्यावर पडून असे.

या धंद्यात माणसं फार जवळून बघायला मिळतात. मुलाचे वडील सगळ्यात भरलेली बशी बरोबर हेरतात. आत्या कप उचलून त्याच्या बुडाखालचं कंपनीचं नाव वाचते. बशीतला शेवटचा शेंगदाणा वेचून खाल्ला तर होकार समजावा, पोह्यांना हातच लावला नाही तर नकार. आणि 'कळवतो' म्हणून जो उठतो, तो या जन्मात कळवत नाही.

रमाबाईंचा मुलगा सौमित्र वीज मंडळात नोकरीला. त्याची बायको गंधाली शाळेत शिकवते. त्यांचं लग्न नागपुरात दुसऱ्याच एका ट्रेवर जमलं, त्याबद्दल मी बोलणार नाही. पुढे बरीच वर्षं गेली आणि त्यांना मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, नागपूरचे डॉक्टर झाले. पाळणा हलला नाही, आणि मीही कपाटावरून हललो नाही.

एके दिवशी गंधालीनं सासूजवळ विषय काढला. ज्या मुलांना कोणी नाही त्यांना घरी सांभाळायला देतात, आधी घर तपासतात, माणसं तपासतात. दोन वर्षं नीट सांभाळलं की दत्तक मागता येतं.

"आन् मधातच म्हणाले वापस द्या, मंग?" रमाबाईंनी विचारलं.

"मंग रडू आई. आत्ता काय वेगळं करून राहिलो?"

रमाबाई गप्प झाल्या. ही बाई गप्प होणं म्हणजे आमच्या घरात मोठीच घटना. त्यांनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. अर्ज गेला, पोलिसांचा दाखला झाला, डॉक्टरांचा झाला. मग सौमित्र सांगत आला, "आई, रविवारी मॅडम घर पाहायले येणार हाये."

'पाहायले येणार' हे शब्द कानावर पडले आणि रमाबाईंच्या अंगात वीज संचारली. "घर काहून पाहतील? माणसंच पाहायले येऊन राहिले म्हण ना!" असं म्हणत त्या स्टुलावर चढल्या आणि मला खाली काढलं. किती दिवसांनी उजेड बघत होतो मी!

"ट्रे कोण आणणार?" त्यांनी विचारलं.

"कोणीही आणंल, आई."

"कोणीही कसं? ज्याले पाहायचं हाये त्यानं आणावा लागते. तू आण."

"आई, मी सरकारी नोकरी करतो!"

"मंग? नोकरीवाल्यालेच तर पाहतात."

गंधाली ओढणी तोंडात कोंबून हसत होती. पण सौमित्रची तालीम झालीच. चाळिशीचा, पोट सुटलेला माणूस पाण्याचे भरलेले ग्लास माझ्यावर मांडून स्वयंपाकघरातून बैठकीत येत होता आणि आई सोफ्यावरून सूचना देत होती. "हळू. मान खाली घाल. इतके दात नको दाखवू, लबाड वाटते."

मी आजवर पुष्कळ नवऱ्या मुलींच्या हातून चाललोय, पण सौमित्रच्या हातात ग्लास वाजत होते तसे कधी वाजले नाहीत. मुलींना एक स्थळ गेलं तर दुसरं येतं. या दोघांच्या दारात हे एकच यायचं होतं आणि ते गेलं तर पुढे काही नव्हतं. ते ग्लासांच्या किणकिणाटावरून मला कळत होतं.

रविवारी त्या मॅडम, बालकल्याण ऑफिसातल्या शारदादीदी, स्कूटीवरून आल्या. वर यायच्या आधी त्यांनी खालच्या मजल्यावरच्या धर्मपालजींकडे चौकशी केली. धर्मपालजींना रमाबाईंनी एवढंच सांगून ठेवलं होतं की सौमित्रसाठी लोक बघायला येताहेत, चांगलं बोला. त्यांचा आवाज खिडकीतून स्पष्ट ऐकू येत होता.

"लडका हीरा है, मैडम. दारू नहीं, गुटखा नहीं. दहेज की तो ये लोग बात भी नहीं करेंगे."

"दहेज?" शारदादीदी म्हणाल्या.

सौमित्रनं डोळे मिटून घेतले.

वर येऊन त्यांनी सगळं पाहिलं. गच्चीचा कठडा, बाथरूमची कडी, औषधं कुठे ठेवता ते. मग गंधालीला विचारलं, "बच्चा इतनी बडी उमर में भी बिस्तर गीला करे तो?"

"चादर धो देंगे," गंधाली म्हणाली.

"झूठ बोले तो?"

"वो तो ये भी बोलते हैं," गंधाली सौमित्रकडे बघून म्हणाली आणि लगेच जीभ चावली. शारदादीदींनी काहीतरी लिहून घेतलं.

तेवढ्यात आमची एन्ट्री झाली. पोहे, वर शेव, कोथिंबीर, लिंबाची फोड. सौमित्रची मान खाली, दात बंद. एकही दाणा न सांडता तो पोचला. मला त्याचा अभिमान वाटला, खरंच सांगतो.

"नहीं भैया, मैं कुछ नहीं लूँगी," असं म्हणून शारदादीदींनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि तिच्यातलं पाणी प्यायल्या.

"थोडा तो लो, बाई," रमाबाई म्हणाल्या.

"नहीं अम्मा." आणि उठताना म्हणाल्या, "ठीक है, खबर भेजेंगे."

खबर भेजेंगे! मी टेबलावर गारठलो. पोह्यांना हात नाही, वर 'कळवतो'. नकाराचं याहून पक्कं लक्षण माझ्या उभ्या आयुष्यात मी पाहिलं नव्हतं. रमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही तेच कळलं होतं.

त्या दिवशी पोहे कोणी खाल्ले नाहीत. गंधाली छोट्या खोलीत जाऊन बसली. तिथे त्यांनी आधीच एक लहान पलंग आणून ठेवला होता. "सरकारी काम असंच असते," असं सौमित्र सांगत होता, पण ते तो स्वतःलाच सांगत होता. रमाबाई मात्र पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "एक चमचा बी नाही घेतला तिनं." मूल घरात आणायचं की नाही यावर ज्या बाईनं कधी होकार दिला नव्हता, तिलाच नकार सगळ्यात जास्त झोंबला होता.

बरेच दिवस काहीच कळलं नाही. मग एका सकाळी रमाबाईंनी डबाभर पोहे केले, मला कापडी पिशवीत घातलं, घरात कोणाला न सांगता ऑटो केला आणि निघाल्या. मी जन्मात पहिल्यांदा शहर पाहिलं. बूढा तालाबचं पाणी पाहिलं, रस्ते पाहिले, धूळ तर पोटभर पाहिली.

ऑफिसात शारदादीदींच्या टेबलावर, थेट फायलींच्या वर, त्यांनी मला ठेवलं. माझ्यावर पोह्यांचा डबा ठेवला आणि विचारलं, "हमारे लडके में क्या कमी दिखी आपको?"

सगळं ऑफिस माना वर करून बघू लागलं.

"कमी? अम्मा, मैंने तो उसी दिन बढिया लिख के भेज दिया. ऊपर से मंजूरी आना है बस."

"फिर पोहा काहून नहीं खाया?"

शारदादीदी हसू दाबत म्हणाल्या, "घर देखने जाते हैं तो कुछ नहीं खाते, अम्मा. वरना लोग कहेंगे, पोहे ने रिपोर्ट लिखी है."

रमाबाईंनी डबा पुढे सरकवला. "अब तो लिख दिया ना? अब खाओ."

"अब भी नहीं. और सुनो अम्मा, मेरे पसंद करने से क्या होगा? पसंद तो बच्ची को करना है."

रमाबाई खुर्चीत बसल्या. बच्ची! तोवर घरात सगळे नुसतं 'मूल' म्हणत होते. परत येताना त्यांनी ते पोहे ऑटोवाल्याला खाऊ घातले आणि सबंध रस्ताभर त्याला 'बच्ची' येणार असल्याचं सांगितलं.

माया आली ती शारदादीदींचा हात धरून. सात वर्षांची, उरल्याच्या कारखान्यांकडची. आई वारलेली, आणि न्यायला कोणी आलेलं नाही. तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या. ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली. कोणी सांगितलं नव्हतं तरी सौमित्र मला घेऊन आला. तिनं बशी उचलली, आधी सगळे शेंगदाणे वेचून खाल्ले, मग पोहे खाल्ले, आणि मग प्रश्न विचारायला घेतले.

"यहाँ मारते हैं क्या?"

ती रमाबाईंकडे बघत होती. घर कोण चालवतं ते तिनं बरोबर ओळखलं होतं.

"मारते नहीं," रमाबाई म्हणाल्या. "बडबड करती हूँ मैं. सुबह से रात तक."

मायानं विचार केला. "बडबड चलेगा. और वापस भेजोगे?"

"हम नहीं भेजेंगे," सौमित्र म्हणाला. कोणीच पाठवणार नाही, असं त्याला म्हणता येत नव्हतं. ते त्याच्या हातात नव्हतं, आणि त्या पोरीशी त्याला खोटं बोलायचं नव्हतं.

"हव," माया म्हणाली, म्हणजे बरं. मग उठली, मला दोन्ही हातांनी उचललं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं.

मुद्दाम. माझी शपथ. माझा एक कोपरा उडाला, बश्या फुटल्या, शेव सोफ्याखाली गेली. गंधालीनं तिला झटकन उचलून सोफ्यावर ठेवलं. आणि रमाबाई सुरू झाल्या. पायात काच जाईल, चपला कुठे आहेत, झाडू कुठे आहे, या घरात एक वस्तू जाग्यावर नसते, सौमित्र तू नुसता उभा काय राहिला. माया मन लावून ऐकत होती. बराच वेळ वाट पाहूनही पुढे काहीच झालं नाही, तेव्हा ती शारदादीदींकडे वळली.

"अम्मा सच बोलती है," ती म्हणाली.

इतका चांगला होकार मी कधी ऐकला नव्हता. त्याची किंमत माझा एक कोपरा, म्हणजे स्वस्तातच पडला म्हणायचा.

आता मी कपाटावर नसतो. पाहुण्यांसमोर न्यायच्या लायकीचा राहिलो नाही. माझ्यावर खडू असतात, पेन्सिलींची सालं असतात, कधी गंधालीनं चिरायला घेतलेल्या भेंड्या असतात. एक हंस निळा झालाय. तुमच्याही कपाटावर कोणी माझ्यासारखा पाहुण्यांची वाट बघत पडला असेल तर त्याला खाली काढा. घरच्या माणसांनी रोज वापरणं म्हणजे काय, ते त्यालाही कळू द्या.

दोन वर्षं कशीबशी सरली. या घरानं ती बोटं मोजत काढली. दर वेळी ऑफिसातून फोन आला की गंधालीचा हात जिथल्या तिथे थांबायचा. परवा शारदादीदी आल्या, दत्तकाच्या अर्जाआधी मायाला शेवटचं विचारायला. सौमित्र दाराला टेकून उभा होता, बसवत नव्हतं त्याला. रमाबाई चक्क गप्प होत्या.

"माया, कहीं और जाना है तुमको?"

मला मांडीवर घेऊन, माझ्यावर कागद ठेवून ती रंगवत होती. तिनं मानही वर केली नाही.

"काहून?" ती म्हणाली. "माह्यं चित्र बाकी हाये."