डावीकडचा तानपुरा

प्रताप नगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पहिल्यांदा येणारा माणूस हॉलच्या दारातच थबकायचा. भिंतीपासून चांगल्या तीन हात पुढे, ऐन खोलीत, दाराच्या पल्ल्याएवढ्या दोन काळ्या जाळ्या उभ्या होत्या. कुणाला ते पार्टिशन वाटायचं, कुणाला परदेशातलं हीटर. "स्पीकर आहेत," असं सांगून सांगून कामिनी थकली होती.

हा तिच्या नवऱ्याचा, धम्मानंदचा संसार होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला धम्मानंद तसा कशालाच हावरा नव्हता. कपड्यांचा शौक नाही, खाण्याचे नखरे नाहीत. त्याचं बालपण कामठीत पॉवरलूमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत गेलं. वडील मागावर. घरात सगळेच ओरडून बोलायचे, कारण मागांच्या खडखडाटात वडिलांचे कान चाळिशीतच गेले होते. पोरगा दहावीत पहिला आला तेव्हा ती बातमीही त्यांना दोनदा ओरडून सांगावी लागली. त्या घरातून निघालेल्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, चांगलं ऐकणं.

कामठीच्या छावणीतले एक म्हातारे कर्नल घर मोडून मुलाकडे निघाले, तेव्हा त्यांच्याकडून त्याने या जाळ्या आणल्या. इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणतात त्यांना. साध्या स्पीकरसारखा कागदाचा भोंगा त्यात नसतो. दोन जाळ्यांच्या मधोमध कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ एक पडदा ताणलेला असतो, त्यात विजेचा मोठा दाब भरतात, आणि तो पडदाच गातो. धम्मानंद हे समजावून सांगायचा तेव्हा त्याचे हात हवेत अलगद हलायचे, जणू तो पडदा त्याच्या बोटांतच होता.

कामिनीच्या वाट्याला मात्र त्या जाळ्यांचा जाचच आला. हॉलमध्ये कूलर लावायचा नाही, ओली हवा लागली की जाळ्या चटचट करतात. केर काढायचा तर आधी त्यांची वीज बंद करायची, नाहीतर धूळ सरळ पडद्याला जाऊन चिकटते. मे महिन्यात सगळं नागपूर कूलरसमोर पडलेलं असताना यांच्याकडे पाहुणे पदराने वारा घेत बसायचे. आणि एवढं करून ऐकायला काय, तर काही नाही. त्या जाळ्यांचा आवाज टॉर्चच्या उजेडासारखा सरळ जायचा, समोरच्या एकाच खुर्चीवर. स्वयंपाकघरात पोचायचं ते कुणीतरी तोंडावर रुमाल धरून गावं तसं. सुरुवातीला धम्मानंद म्हणायचा, "बस न वं एकदा." ती एकदा बसलीही होती, पण लक्ष सगळं गॅसकडे. पाच मिनिटांत कुकरची शिट्टी झाली आणि ती उठली. मग त्यानेही म्हणणं सोडलं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"डावी जाळी मेली वाटते."

"मेली म्हणजे?"

"बरोबर आवाज देऊन नाही राहिली. डावीकडचा तानपुरा गेला. बाई मधात उभी राहून गात होती, ते उजवीकडे सरकली."

रेकॉर्डमधल्या त्या गाणाऱ्या बाईंबद्दल तो असंच बोलायचा, जणू त्या रोज घरी येत होत्या. कामिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मग दुरुस्त करा."

तेव्हापासून दुरुस्तीच चालली. त्याने अॅम्प्लिफायर उघडला, साफ केला, बंद केला. डाव्या-उजव्या वायरी आपसात बदलून पाहिल्या. तरी डावी बाजू मुकीच. म्हणजे वायर ठीक, अॅम्प्लिफायर ठीक, बिघाड जाळीतच, असा त्याने निवाडा केला. रोज संध्याकाळी तो डाव्या जाळीसमोर गुडघे टेकून बसायचा. कामिनी चहा ठेवून जायची. एकदोनदा चहा तसाच निवला. "चहा ठेवला," असं ती म्हणाली होती, पण तो आपल्याच नादात असेल असं तिला वाटलं. आयुष्यभर तो फोन डाव्या कानाला लावायचा, उजवा हात लिहायला मोकळा राहावा म्हणून. हल्ली तो उजव्या कानाला लावतो हेही तिने पाहिलं होतं. पाहिलं आणि विसरली.

शेवटी त्याने ठरवलं की डावी जाळी उघडायची, जुना पडदा फाडून काढायचा आणि नवा ताणायचा. पडदा पुण्याहून मागवला होता. तो ताणायची चिकटपट्टी आणायला तो सीताबर्डीला गेला. जाताना गाणं सुरूच ठेवून गेला, घाईत विसरला असावा.

कामिनी झाडू घेऊन हॉलमध्ये आली. वीज नेहमी तोच बंद करून द्यायचा, त्यामुळे बटण कुठलं ते तिला कळेना. खुर्चीवर त्याचा टॉवेल पडला होता. तो उचलायला ती वाकली आणि गुडघ्यात कळ आली म्हणून खुर्चीतच टेकली.

आणि समोर बाई उभी होती.

दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता. दोन जाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, पुस्तकांच्या कपाटापुढे, माणसाच्या उंचीवर एक गळा होता. ती दम घेत होती ते ऐकू येत होतं. ओठ मिटून उघडल्याचाही बारीकसा आवाज होता. तबला तिच्या उजव्या हाताला, जरासा मागे. तानपुरे दोन, एक इकडे, एक तिकडे, आणि त्यांच्या झंकारात ती बाई अगदी सावकाश, कुणाची वाट पाहत असल्यासारखी वर चढत होती. कामिनीच्या हातातला झाडू खाली पडला. इतकी वर्षं हे या घरात होतं आणि आपण भिंतीपलीकडे पोळ्या लाटत होतो, असं काहीतरी तिच्या मनात आलं. तिचे डोळे भरले.

मग एकदम तिच्या लक्षात आलं. तानपुरे दोन. डावीकडचा वाजतोय.

ती कान देऊन ऐकत राहिली. वाजत होता, स्वच्छ. मग तिने हळूच डाव्या कानात बोट घातलं. तानपुरा गेला. बाई उजवीकडे सरकली. तो सांगत होता, अगदी तशीच.

तिने बोट काढलं, पुन्हा घातलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. गाणं चालू होतं, पण आता तिला ते ऐकवेना.

धम्मानंद आला तो उत्साहात. "भेटली गा पट्टी!" असं स्वतःशीच म्हणत त्याने स्क्रूड्रायव्हर काढला.

"अहो, थांबा," कामिनी म्हणाली. ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. तो थांबला नाही. ती वळसा घालून उजवीकडे आली. "जाळी उघडू नका."

"काहून?"

"तिच्यात काही बिघाड नाही."

"तुले काय समजते त्यातलं?"

"त्यातलं मले काही समजत नाही. पण मी आज तुमच्या खुर्चीवर बसली होती. डावीकडचा तानपुरा वाजून राहिला. मी डाव्या कानात बोट घातलं, तवा बाई उजवीकडे गेली."

तो हसला. मग त्याचं हसू विरलं. मग तो रागावला. "म्हणजे मी बहिरा झालो म्हणतं? सारी जिंदगी लाइनवरचे फॉल्ट ऐकून शोधले मी. मले शिकवतं?"

त्याने स्क्रूड्रायव्हर टेबलावर टाकला. जरा वेळाने, तिच्याकडे न बघता म्हणाला, "दोन्ही जाळ्या बदलू. इकडची तिकडे, तिकडची इकडे. डावी मेली असन तर बाई आता डावीकडे गेली पाहिजे. गोष्ट खतम."

त्याने वीज काढली. पडद्यातला दाब उतरेपर्यंत थांबावं लागतं. तेवढा वेळ दोघं समोरासमोर बसले. मग त्यांनी मिळून जाळ्या उचलल्या. तो "सांभाळून" म्हणत होता आणि ती सांभाळत होती. जागा बदलल्या, वायरी लावल्या. तो खुर्चीत बसला, डोळे मिटले. कामिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथून गाणं नीट ऐकू येत नव्हतं, पण तिला ते ऐकायचंही नव्हतं. ती फक्त त्याचा चेहरा पाहत होती.

बाई गाऊ लागली. धम्मानंदने डोळे न उघडता हात वर केला आणि बोटाने दाखवलं.

उजवीकडे.

बोट तसंच राहिलं. कितीतरी वेळ तो ते खाली करायचं विसरला.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं, पुढे मशीनमधून डोक्याचे फोटोही काढले. गाठबीठ काही नव्हती. डाव्या कानाची नस गेली होती आणि उजव्यातही उतार सुरू झाला होता. मागांच्या आवाजाबद्दल धम्मानंदने विचारलं. डॉक्टर म्हणाले, असेलही, नक्की सांगता येत नाही. मग त्यांनी कागदावरून मान वर करून विचारलं, "हे एकदम झालं तेव्हा लगेच का नाही आलात? पहिल्या पंधरवड्यात औषध सुरू झालं असतं तर कधी कधी फायदा होतो."

धम्मानंदने नीट ऐकू न आल्यासारखं कामिनीकडे पाहिलं. तिने त्याच्या उजव्या कानाशी वाकून ते वाक्य पुन्हा सांगितलं. आपल्या तोंडाने ते सांगावं लागलं, याचं तिला पुढे फार दिवस वाईट वाटत राहिलं.

"मी वायरी बदलून राहिलो होतो तवा," तो म्हणाला.

कानाला ऐकायचं मशीन लागलं. बोलणं समजू लागलं, पण गाणं त्यातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं यायचं. तो दोनचार वेळा खुर्चीत बसला आणि उठला. मग बसेना. कामिनी रोज जाळ्या पुसत होती. त्याच्या नकळत कधीतरी एकटीने गाणं लावावं असं तिला फार वाटायचं. पण तो घरातच असायचा, आणि जो आवाज याच्यासाठी मेला तो याच्या पाठीमागे आपण ऐकायचा, हे तिला चोरी केल्यासारखं वाटे.

"विकून टाकू," एक दिवस तो म्हणाला. "दिसले का जीव तुटते."

"बरं," ती म्हणाली.

गिऱ्हाईक भिवापूरचं निघालं. जितेंद्र नावाचा मिरचीचा व्यापारी, चाळिशीचा. घरावर नवा मजला चढवून त्याने एक खोली फक्त गाण्यासाठी ठेवली होती. धम्मानंदने त्याला एकच अट घातली. "मी स्वतः येऊन लावून देईन. वेड्यावाकड्या उभ्या केल्या त गातच नाहीत त्या."

टेम्पो पुढे आणि जितेंद्रने पाठवलेली गाडी मागे, असे ते गेले. घराशेजारीच सातऱ्यावर, म्हणजे मिरचीच्या खळ्यावर, बाया मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. उतरताच दोघांनाही शिंका आल्या. "खिडक्या बंद ठेवत जा गा," धम्मानंदने जितेंद्रला बजावलं. "धूळ पडद्यावर बसते." त्याने टेप लावून अंतरं मोजली, जाळ्या भिंतीपासून पुढे आणल्या, खुर्चीकडे जराशा तिरप्या केल्या. हे सगळं मापाने होत होतं तोवर त्याचा हात सराईतपणे चालत होता. पण शेवटचं जे बोटभर हलवणं असतं, ते कानानेच करावं लागतं. तो खुर्चीत बसला, उठला, जाळीला हात लावला, पुन्हा बसला. जितेंद्र आदराने बाजूला उभा होता.

धम्मानंदने कामिनीला हाक मारली. "तू बस."

ती बसली. बाई गाऊ लागली.

"कुठं हाय?"

"जराशी तुमच्याकडे."

त्याने जाळी सरकवली. "आता?"

"अजून थोडी." मग ती म्हणाली, "मधात आली."

"तानपुरे?"

"दोन्ही आहेत. मागे."

"तबला?"

धम्मानंदने मान वळवून पाहिलं. कामिनीचे डोळे मिटलेले होते. जितेंद्रची आई, जयवंताबाई, चहाचा ट्रे घेऊन आली आणि तिचा चेहरा पाहून दारातच थांबली. धम्मानंद एका गुडघ्यावर बसला होता, जाळीच्या चौकटीला धरून. तो आपल्या बायकोकडे असा पाहत होता, जणू इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच पाहतो आहे.

गाणं संपल्यावर ती घाईने उठली, पदर सारखा केला, "बरोबर आहे, बसलं," असं जितेंद्रला म्हणाली. मग चहा झाला. जितेंद्र खुर्चीत बसला तो उठेना. निरोप द्यायलाही त्याला आईने हाक मारून बाहेर काढलं.

परतीच्या वाटेवर ती त्याच्या उजव्या बाजूला बसली. आता सगळीकडे तशीच बसायची. बराच रस्ता गेला.

"तुले आवडत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग बोलली काहून नाही? ठेवले असते आपण."

"तुमच्यासमोर मी एकटी ऐकत बसू काय?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. दोन्हीकडची शेतं मागे पळत होती. "परत मागू काय त्याले?" त्याने विचारलं. विचारतानाच त्याचा आवाज खचला होता.

"नका. पाहिलं न, कसा बसला होता तो."

पुढे उमरेडजवळ ट्रकांची रांग लागली होती. गाडी थांबली. धम्मानंद तिच्याकडे वळला आणि अगदी हळू, कुणाची तब्येत विचारावी तसं म्हणाला, "वर चढायच्या आधी ती दम घेते. आज आला ऐकू?"

"आला."

"सांग न."

कामिनी त्याच्या कानाशी झुकली आणि सांगू लागली. तिला रागाचं नाव माहीत नव्हतं, तालाचं नव्हतं. बाई कुठे थांबली, कुठे तिचा आवाज बारीक झाला, डावीकडचा झंकार कुठे उरला, ते ती सुचेल तसं सांगत गेली. तो मान हलवत होता. मध्येच एकदा "हो, तिथंच," असं म्हणाला. समोरचा ट्रक हलला, ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली, तरी ती सांगतच होती.