लिंबाला टांगलेल्या टायरचं गाऱ्हाणं

मित्रांनो, झाडाला टायर टांगलेला दिसला की तुम्हाला झोका आठवतो. माझ्यावर मात्र आजवर एकही पोर झोका खेळलेलं नाही. मी उसाच्या टायरगाडीचा जुना टायर आहे आणि काष्टीजवळच्या एका वस्तीवर, अजिनाथच्या घरामागच्या लिंबाला दोरीनं लटकलो आहे. इथे मला कशासाठी टांगलं, ते सांगतो. जरा घाईनं सांगतो, कारण वेळ थोडा आहे.

नवा होतो तेव्हा अंगावरच्या नक्षीचा मला भारी तोरा होता. अजिनाथ आणि त्याची बायको लंकाबाई ऊस तोडायची, मोळ्या गाडीत रचायची, बैल ओढायचे आणि मी खाली भार सोसायचो. कारखान्याच्या रांगेत लोक म्हणायचे, "अजिनाथ, टायर लई दमाचा हाय तुजा!" ते ऐकून मला मूठभर मांस चढायचं. या कौतुकापायी एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. टायर आधी आतून चिरतो. आतल्या तारा तुटत जातात, बाहेरून मात्र तो धडधाकट दिसतो. एका दुपारी भरल्या गाडीखाली मी फाटलो. गाडी कलंडली, ऊस रस्त्यावर पसरला आणि मला शिव्या खाव्या लागल्या. पुढची काही वर्षं मी गोठ्यामागे पडून होतो. पोटात पावसाचं पाणी साचायचं, त्यात डास व्हायचे आणि लंकाबाई मला लाथेनं उपडं करायची.

अजिनाथची लेक पंकजा नववीत आहे. ती शाळेच्या सॉफ्टबॉल संघात चेंडू टाकते. तिला पिचर म्हणतात. हात खांद्यापासून गर्रकन गोल फिरवून कमरेखालून चेंडू सोडायचा, असा तो खेळ. खालून टाकलेल्या चेंडूनं हाताला काही होत नाही, अशी गावात सगळ्यांची पक्की समजूत आहे. गेल्या हंगामात पंकजाची शाळा संगमनेरच्या मुलींकडून थोडक्यात हरली. त्यांची पिचर पंकजाहून वेगानं चेंडू टाकायची. तेव्हा तिच्या खेळाच्या शिक्षिका उझ्मा मॅडम घरी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंकजा, हंगाम संपला. आता मे महिनाभर चेंडूला हात लावायचा नाही. पळ, विहिरीत पोह, खो-खो खेळ, पोटभर झोप. थकलेला हात विश्रांतीतच भरून येतो."

मॅडमची पाठ वळली आणि अजिनाथ हसला. "इश्रांती म्हनं! बसलं की बसलंच. ती संगमनेरची पोरगी काय निजून ऱ्हानार हाय व्हय?"

अजिनाथ वाईट माणूस नाही. लेक जिल्ह्याच्या संघात निवडली गेली, तर होस्टेलात राहून शिकेल आणि तिच्या हाती कोयता येणार नाही, एवढंच त्याचं स्वप्न आहे. त्याच स्वप्नापायी त्यानं मला गोठ्यामागून ओढून काढलं, घासूनपुसून लिंबाला टांगलं आणि समोर परसात चुन्याची रेघ मारली. नियमही त्यानंच केला. चेंडू माझ्या पोकळीतून आरपार गेला पाहिजे. मला लागला, तर दहा चेंडू वाढीव.

मे महिन्यात चेंडू मला न शिवता जायचा आणि मागच्या गोणपाटावर धाडकन आदळायचा. खरं सांगतो, मला फार आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो. जूनमध्ये शाळा उघडली. तिथे मॅडमचा सराव सुरू झाला आणि घरचाही थांबला नाही. पंकजानं मॅडमना घरचं काही सांगितलं नाही.

मग आषाढात चेंडू माझ्या खालच्या कडेला लागू लागला. रोज तिथेच. मी भार वाहिलेला गडी आहे. एकाच बाजूला झोल जातो, तेव्हा आत काय चाललंय ते मला कळतं. अजिनाथ मात्र एवढंच म्हणायचा, "चुकलं. धा वाढीव." हात थकला म्हणून चेंडू चुके, चुकला म्हणून चेंडू वाढत आणि वाढले म्हणून हात आणखी थके. वारा सुटला की मी थोडा सरकून चेंडूला वाट द्यायला बघायचो. पण टायरचं कोण ऐकतं! शिक्षा अजिनाथची होती आणि ती माझ्या अंगावर मोजली जात होती, याचं मला अतोनात दुःख होई.

पंकजा पाण्याची बादली डाव्या हातानं उचलू लागली. वेणी आईकडून घालून घेऊ लागली. लंकाबाईनं एकदा विचारलंही, "हात दुकतोय का गं?"

"न्हाई आई. त्या अंगावर निजले हुते," असं म्हणून तिनं वेळ मारून नेली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा शेकायचा आणि लोणी-हळदीनं चोळायचा. अजिनाथ आपल्या हौशा बैलाचा खांदा मळत होता. पंकजा शेजारी वाटी धरून उभी होती. "दमलास रं बाबा," तो मायेनं बैलाला म्हणाला, "उद्या जू न्हाई, काम न्हाई. निवांत ऱ्हा."

पंकजा हळूच म्हणाली, "आप्पा, माजा बी मळता का?"

"तू काय बैल हाय व्हय?" असं म्हणत अजिनाथनं हसतहसत लोण्याचा हात तिच्या उजव्या खांद्यावर ठेवला. ती किंचाळली. वाटी खाली पडली. तो खांदा सुजलेला होता आणि तव्यासारखा तापला होता.

"कवापासनं?"

"शाळा उघडल्यापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमीच म्हनला हुता, बसलं की बसलंच."

अजिनाथ मटकन गोठ्यातच बसला. 

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आत्ताच थांबली तर हात पूर्ववत होईल. पण या दुखण्यावर पुन्हा जोर पडला, तर आतलं स्नायूचं टोक फाटेल आणि मग हात डोक्यापर्यंतही जाणार नाही. उझ्मा मॅडम सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "निवड दरवर्षी होते. खांदा दरवर्षी नवा मिळत नाही." अजिनाथनं मान हलवली. घरी येताच त्यानं चेंडू पेटीत ठेवला. टायर उद्या उतरवू, असंही म्हणाला. शेतीच्या कामांत तो उद्या काही उगवला नाही.

पण मित्रांनो, बापाच्या मनातली मागे पडण्याची भीती निघाली तरी लेकीच्या मनात ती रुजून बसली आहे. निवड चाचणी तोंडावर आली आहे. संगमनेरच्या मुलीचा चेंडू आणखी वेगात येतो, असं मैत्रिणीनं काल मोबाईलवर सांगितलं. आज अजिनाथ बाजाराला गेला आहे आणि लंकाबाई रानात आहे. पंकजानं पेटी उघडली. आता ती चुन्याच्या रेघेवर उभी आहे. डाव्या हातानं उजवा खांदा दाबते आहे आणि पुटपुटते आहे, "एकच टाकते. दुकतंय का बगते."

इतर वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. तुमच्याही घरामागे असा टायर असेल, तर हंगाम संपल्यावर तो खाली उतरवा. पुन्हा गोठ्यामागे टाकलं, तरी मी तक्रार करणार नाही. दुखत असेल तर दुखतंय म्हणून मोठ्यानं सांगा, आणि मोठ्यांनो, लेकरांनी न मागताही त्यांना बसू द्या.

तिनं चेंडू बोटांत घट्ट धरला आहे. हात मागे नेला आहे. अरे, कुणीतरी धावा, माझी दोरी कापा!